साबणाला हक्काची जागा

मलकापुरात घर बांधायला काढलेला माणूस लांबूनच ओळखू येतो. खिशात पेनाशेजारी मोजायची टेप, चपलेवर वाळलेलं सिमेंट, आणि भेटेल त्याला एकच सवाल, 'तुमच्याकडं भिंत नऊची का चारची?' पूर्वी अशा माणसाची सगळी चिंता पाण्यापुरती असे. बोअरला पाणी किती फुटांवर लागलं आणि लागलेलं गोडं निघालं की खारं, एवढं कळलं की घर जवळजवळ झालंच म्हणून समजायचं. भिंती, स्लॅब, दारं-खिडक्या या गोष्टी मागाहून होत राहत. आता पाण्याची चिंता आहे तिथंच आहे, पण तिच्या जोडीला एक नवी येऊन बसली आहे. न्हाणीघरात, टाइल्सच्या भिंतीत, साबण-शाम्पू ठेवायला कोनाडा काढायचा तो कुठं आणि केवढा?

ज्याला हा प्रश्न किरकोळ वाटतो त्याने अजून टाइल्स लावून घेतलेल्या नाहीत. आमच्या घराचा स्लॅब टाकून झाला तेव्हा कोणी ब्र काढला नाही. जिना डावीकडून घ्यायचा की उजवीकडून, हे इंजिनिअरने एकट्याने ठरवलं. कोनाड्यावर मात्र घरातल्या प्रत्येकाला मत होतं, आणि दोघांना तर दोन-दोन होती.

या सगळ्याचं मूळ टाइल्सच्या दुकानात आहे. आपल्याकडची बहुतेक टाइल गुजरातेतल्या मोरबीची. सुरतेकडून धुळे-जळगाव करत कोलकात्याकडे निघालेला महामार्ग, म्हणजे जुना 6 आणि आताचा 53, मलकापुरावरून जातो. त्यामुळे मोरबीत आज निघालेली फॅशन ट्रकात बसून फार लवकर आमच्या गावात उतरते. पेट्यांबरोबर कॅटलॉग उतरतो, आणि खरा घात तोच करतो. त्यातल्या प्रत्येक न्हाणीघराच्या भिंतीत एक कोनाडा. आत लेबल नसलेल्या तीन बाटल्या, गुंडाळी केलेला एक पांढरा नॅपकिन, कुंडीतलं इवलंसं झाड आणि वरून पिवळा दिवा.

मी तो फोटो बराच वेळ न्याहाळला. त्यात कपड्याचा साबण नव्हता. ब्रश नव्हता. टाचा घासायची वज्री नव्हती. कोपरा दातांनी तोडलेली शाम्पूची पुडी नव्हती. झिजून चपटा झालेला जुना साबण नव्या वडीच्या पाठीवर चिकटवलेला नव्हता. त्या घरातली माणसं एक तर आंघोळ करत नसावीत, किंवा आंघोळीला शेजारी जात असावीत. पण हा विचार दुकानात करायचा नसतो. दुकानात आपण 'असाच पाहिजे' म्हणतो आणि ॲडव्हान्स देतो.

त्यात टेक्सासचा भाचा पडला. त्याने रात्री दहाला फोन करून स्वतःच्या न्हाणीघरातला कोनाडा मला चारी बाजूंनी दाखवला. "मामा, साडेचौदा इंच रुंदी घ्या. बरोबर साडेचौदा. आणि जमिनीपासून चार फूट."

दुसऱ्या दिवशी मी हा आकडा मिस्त्रीपुढे ठेवला. मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली.

"साडेचौदा काहून, सर? पंधरा काहून नाही?"

मी पुन्हा टेक्सासला विचारलं. कारण निघालं ते असं. तिकडे घराच्या भिंतीत लाकडाच्या उभ्या दांड्या असतात, मध्यापासून मध्यापर्यंत सोळा इंचांवर एक. दांडी दीड इंच जाड. सोळातून दीड गेले की मधली मोकळी जागा साडेचौदा इंच उरते. दोन्ही बाजूंनी बोर्ड ठोकले की झाली भिंत. म्हणजे भिंत आतून पोकळच. कोनाडा पाहिजे असला की करवतीने बोर्ड कापायचा, पोकळीत तयार खोका बसवायचा, त्याला पाणी न झिरपणारं अस्तर लावायचं आणि वर टाइल. शनिवारी सकाळी काढला, रविवारी संध्याकाळी शाम्पू आत.

मिस्त्रींनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे हे लोक लाकडाच्या पेटीतच रायते?"

"तसंच म्हणा."

"मंग वाळवी?"

टेक्सासकडे या प्रश्नाचं झटपट उत्तर नव्हतं, आणि मलकापुरात साडेचौदाचा विषय तिथंच मिटला.

पण त्यातून एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली. कोनाडा फुकट मिळतो तो दोनच प्रकारच्या भिंतीत. एक पोकळ, दुसरी जाड. आमचं जुनं घर धाब्याचं होतं. पांढऱ्या मातीच्या भिंती दोन-अडीच हात रुंद, वर लाकूड-माती. त्या भिंतींत कोनाडे काढायचे म्हणून काढलेले नव्हते, ते आपोआप होऊन बसलेले असत. दिव्याला एक, देवाला एक, पंचांगाला एक, किल्ल्यांना एक, आणि एक असा की ज्यात काय आहे हे फक्त आजीला माहीत. कोनाड्याला खर्च नव्हता. उलट तेवढी माती वाचे. न्हाणीतल्या कोनाड्यात शिकेकाई, रिठे, वज्री, उटण्याची वाटी, आणि पावसाळ्यात अधूनमधून विंचू. म्हणून आत हात घालण्याआधी काठीने टकटक करायची रीत होती. आत कोणी असलं तर ते सरकून उत्तर देई.

मलकापुराहून फार लांब नसलेल्या बऱ्हाणपुराच्या शाही किल्ल्यात मोगलांचा हमाम आहे. मोगलांच्या इमारतींत बाटल्या, कुप्या आणि चिनी मातीची भांडी मांडायला भिंतीत ओळीने छोटे-छोटे कोनाडे काढत, त्याला चिनीखाना म्हणत. तेव्हा लेबल नसलेल्या बाटल्या भिंतीत मांडून ठेवणे ही काही मोरबीची कल्पना नाही. फरक एवढाच की बादशहाच्या भिंती हात-हात जाड होत्या आणि मागच्या खोलीत त्याचे वडील झोपलेले नव्हते.

आमच्या मागच्या खोलीत होते.

आताची भिंत पोकळही नाही आणि जाडही नाही. कॉलम-बीमचं घर म्हटलं की बाहेरची भिंत नऊ इंची आणि आतली चार इंची, म्हणजे अर्ध्या विटेची. भार सगळा कॉलम वाहतात. भिंतीचं काम फक्त आड येणे. शाम्पूची मोठी बाटली नीट उभी राहायला कोनाडा निदान साडेतीन-चार इंच खोल हवा. चार इंची भिंतीत चार इंचांचा कोनाडा काढला तर मागे काय उरतं, हे गणित तिसरीतल्या पोराला येईल. माझा मेव्हणा मात्र साइटवर सुपरवायझर आहे.

"भाऊजी, तुम्ही निर्धास्त राहा," तो म्हणाला, "मागून जाळी मारू, वर प्लास्टर करू. दीड इंच मागच्या खोलीत फुगवटा येईल, त्यावर बाबांचं कॅलेंडर लावून टाकू."

न्हाणीघराच्या चार भिंतींपैकी दुसरी कुठली मोकळीही नव्हती. पूर्वेच्या भिंतीत गरम-गार पाण्याचे पाइप आतून गेलेले, आणि प्लंबर तिच्यापुढे पहाऱ्याला उभा. "साहब, इधर हाथ मत लगाना, फिर मैं जिम्मेदार नहीं." दक्षिणेला दार आणि कॉलम. कॉलमला छन्नी लावायची नाही, हे एवढ्या चर्चेत सर्वांना एकमताने मान्य झालेलं एकमेव कलम. पश्चिमेची भिंत नऊची खरी, पण बाहेरची. मे महिन्यात आमच्याकडं पारा 44-45 पर्यंत जातो, आणि दिवसभर ऊन खाल्लेली ही भिंत मध्यरात्रीपर्यंत ते परत करत असते. तिच्यात चार इंच कोरले की उन्हात आणि साबणात अर्धीच वीट. राहिली उत्तरेची चार इंची. तिच्यामागे बाबा.

दुपारी तीनची वेळ. बाबा कूलरसमोर आडवे झालेले. मिस्त्रींचा पोऱ्या छन्नी-हातोडा घेऊन बसला. मेव्हणा शेजारी उभा राहून "हळू, हळू" म्हणत होता. पहिली वीट हलकेच सैल झाली, दुसरी सैल व्हायच्या ऐवजी निघून गेली. आमच्याकडं नाही, तिकडं. धप्प असा आवाज झाला. धूळ बसल्यावर भोकातून बाबांचा चष्मा दिसला.

"चहा झाला का?" बाबांनी भोकातून विचारलं.

मिस्त्री म्हणाले, "बाबाजी, जरा तिकडे सरकून बसा. अजून एक ईट येईन."

पुढचे काही दिवस ते भोक तसंच राहिलं, कारण बुजवायचं की त्याचाच कोनाडा करायचा यावर घरात दुफळी होती. बाबा मात्र खूश होते. न्हाणीघरातला दिवा कोण चालू ठेवून गेलं, गीझर किती वेळ सुरू आहे, नळ कोणी टपटपत सोडला, या सगळ्यावर त्यांना आता पलंगावरून देखरेख करता येऊ लागली. भोक बुजवायचा दिवस उजाडला तेव्हा त्यांनी हवा खेळती राहण्याच्या फायद्यांवर बरंच सांगितलं. शेवटी भोक बुजलं, कोनाडा पश्चिमेला गेला, आणि ऊन हा प्रश्न उन्हाळ्यावर सोडण्यात आला.

आता उंची. भाच्याचे चार फूट कोणाला खटकले नव्हते. मिस्त्रींनी भिंतीवर चार फुटांची रेघही मारली. तेवढ्यात आई बघायला आली. साइटवर ती एरवी फिरकत नसे. तिने पोऱ्याकडून सिमेंटची रिकामी पाटी मागून घेतली, पालथी घातली, पदर खोचून तिच्यावर बसली, आणि समोर बादली आहे असं समजून उजवा हात भिंतीकडे केला. हात जिथं टेकला तिथं तिने बोटाने टिचकी मारली.

"इथं पाह्यजे."

मिस्त्रींनी टेप लावली. दोन फूट तीन इंच.

"आजी, इथं शॉवरवाले कसे वाकतीन?"

"शॉवरखाली कोण उभं रायते इथं?" आई म्हणाली.

या प्रश्नाने खोलीत शांतता पसरली, कारण तो कोणीच विचारला नव्हता. आमच्या गावात नव्या घराला शॉवर लागतो हे खरं. तो लागतो, चमकतो आणि वास्तुशांतीला आलेले पाहुणे त्याची कळ फिरवून बघतात. पण शॉवरचं पाणी जोरात यायला टाकी उंचावर लागते. दर दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो. बैठ्या घराच्या स्लॅबवर ठेवलेली टाकी शॉवरच्या तोंडापासून चार-सहा फूटच वर. म्हणजे दाब किती? शंभर भोकांतून पाणी शंभर वेगवेगळ्या दिवशी येईल एवढा. शिवाय पाणी साठवून वापरणाऱ्या घरात आंघोळीचा हिशोब बादलीत असतो. एक बादली म्हणजे आंघोळ, दीड म्हणजे डोक्यावरून, दोन म्हणजे बोलणी. शॉवरखाली किती सांडलं हे कळत नाही, आणि जे मोजता येत नाही ते आमच्या बाबांना खपत नाही. तेव्हा मलकापुरातली आंघोळ बसून होते. पाटावर, प्लास्टिकच्या स्टुलावर, कोणी उकिडवं. उजव्या हाताला तांब्या किंवा मग, डाव्या हाताला बादलीची कड. आणि टेक्सासचा कोनाडा डोक्याच्या वर चार बोटं.

कॅटलॉगातले सगळे कोनाडे उभ्या माणसासाठी आहेत. बसलेल्या माणसाचा हात किती वर जातो, हे ज्याने मोजलं नाही त्याला साबणासाठी आंघोळीत निदान तीनदा उठावं लागतं, तेही ओल्या फरशीवर आणि डोळ्यांत फेस असताना. म्हाताऱ्या माणसाच्या हाडांचं काय होतं ते हाडांच्या डॉक्टरांना विचारा.

मग दोन कोनाडे ठरले. वरचा चार फुटांवर, भाच्याच्या मानासाठी. खालचा सव्वादोन फुटांवर, आंघोळीसाठी. मिस्त्रींनी दोन्हींच्या मजुरीचा आकडा सांगितला आणि आई पाटीवरून उठली.

टाइल्सचा जोड हे पुढचं प्रकरण, आणि ते मी थोडक्यात उरकतो, कारण आठवलं की त्रास होतो. आधी टाइल्सची मांडणी कागदावर करायची, जोड कुठं येतात ते पाहायचं, आणि कोनाड्याच्या कडा त्या जोडांवर बसवायच्या. असं केलं तर कोनाडा भिंतीतच जन्मल्यागत दिसतो. नाहीतर चारी बाजूंनी टाइलच्या बोटभर पट्ट्या लावत बसावं लागतं, आणि बोटभर पट्टी कापताना ग्राइंडरखाली दोनदा तुटते. गावातली सर्वसाधारण पद्धत अशी की आधी टाइल्स पुऱ्या लावायच्या आणि मग घरधनी कोनाड्याचं बोलला की म्हणायचं, "होऊन जाईन ना, सर." या तीन-चार शब्दांवर आमच्याकडचं निम्मं बांधकाम उभं आहे. आमचे मिस्त्री निदान प्लास्टरच्या आधी थांबले, ही पुण्याई.

कोपऱ्यांना त्यांनी जाळी मारली, ती कोंबडीच्या खुराड्याला लावतात तीच. का, म्हणून विचारलं तर बोटाने बाहेरच्या वावराकडे दाखवलं. आमच्याकडची माती काळी, कपाशीची. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि एप्रिलमध्ये शेतात अशा भेगा पडतात की हात आत जातो. घराचा पाया तिच्यावर बसलेला. ती हलली की घर हलतं, आणि घर हललं की भिंतीत जिथं चौकोनी भोक असेल त्याच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते. खिडकीच्या कोपऱ्यांतून निघते तशीच कोनाड्याच्याही. चीर टाइलच्या मागे निघाली तर दिसत नाही. पाण्याला मात्र दिसते. म्हणून कोपऱ्यांत जाळी, त्यावर प्लास्टर, प्लास्टरवर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, पहिला उभा आणि दुसरा आडवा, आणि मगच टाइल. पाणी अडवायचं काम या दोन हातांचं. टाइल दिसायला.

कोनाड्याच्या तळाला कसली पाटी घालायची यावर दुकानदाराने काळा ग्रॅनाइट सुचवला. काळा ग्रॅनाइट कॅटलॉगात फार देखणा दिसतो. पण मलकापूर पूर्णेच्या खोऱ्यात आहे. आमची नळगंगा पूर्णेला मिळते आणि पूर्णा पुढे चांगदेवला तापीला. या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला. बोअरचं पाणी ज्याच्या नशिबी असेल तसं, पण क्षार बहुतेकांच्या नशिबी. असल्या पाण्यात साबणाला फेस कमी आणि साका जास्त. हा साका काळ्या दगडावर पांढरा बसतो. पहिल्या महिन्यात पुसतात, दुसऱ्यात ॲसिड लावतात, तिसऱ्यात 'डिझाइनच तसं आहे' म्हणतात. शेजारच्या गल्लीत असा एक काळा कोनाडा मी पाहून आलो होतो. तो आता पांढरा आहे. आम्ही आधीच फिकट करडी पाटी घेतली. जोडांत एपॉक्सी भरली, कारण साधं व्हाइट सिमेंट पाणी पितं आणि पिवळं पडतं. एपॉक्सी महाग पडते, पण एकदा भरली की तिच्याबद्दल बोलावं लागत नाही, आणि आमच्या घरात ज्याबद्दल बोलावं लागत नाही अशा वस्तू मोजक्या आहेत.

खरं भांडण ढाळाचं. कोनाड्याच्या तळाला आतून बाहेर थोडासा उतार लागतो, फुटाला पाव इंच. चार इंच खोलीला दोन-अडीच मिलिमीटर. डोळ्याला दिसणारही नाही. पण तो नसला की पाणी मागे साचतं, साबण त्यात रात्रभर बसतो आणि सकाळी त्याची लापशी होते. मी मिस्त्रींना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. या माणसाने जन्मभर ओळंबा आणि पाणसळ सांभाळली. पाणसळीतला बुडबुडा मध्यावरून केसभर सरकला तर रात्री झोप लागत नाही. त्यांना मी सांगत होतो की मुद्दाम वाकडं करा.

"सर, उद्या कोणी पाणसळ लावून पाह्यली तं नाव माहं खराब होईन."

"न्हाणीघरात पाणसळ घेऊन कोण येईल?"

"दुसरा मिस्त्री येते ना."

हे खरं होतं. मिस्त्री मिस्त्रीचं काम कसं बघतो, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना पटेल. वरचा कोनाडा त्यांनी पाणसळीत अगदी चोख केला. तिथं बुडबुडा बरोबर मध्ये आणि पाणी बरोबर मागे. खालच्याला आई उभी होती. तिने तळावर तांब्याभर पाणी ओतलं आणि सगळं बाहेर येईस्तोवर हलली नाही. दोनदा पाटी काढून परत बसवावी लागली.

कडांचं म्हणाल तर पंचेचाळीसचा कट मारून टाइलला टाइल भिडवली की फार सुबक दिसतं. पण ती कड धारदार राहते आणि खालचा कोनाडा नेमका कोपराच्या उंचीला. तेव्हा खाली ग्रॅनाइटची गोल घासलेली चौकट, वर पंचेचाळीसचा कट. वरच्या कोनाड्याला कोपर लागत नाही. त्याला काहीच लागत नाही.

मग घर झालं, बाकीचे लोकही राहायला आले आणि कोनाडे भरले. कोनाड्याच्या एक फूट उंचीचा हिशोब बाटलीसाठी होता, पण बाटली येते दिवाळीच्या ऑफरमध्ये, आणि संपली की तिच्यात पाणी घालून ती आणखी महिनाभर उलटी उभी असते. बाकी वर्ष पुडीवर. शाम्पूची पुडी 1980 च्या दशकात तमिळनाडूतल्या कंपन्यांनी खेडोपाडी पोहोचवली, तेव्हापासून आपल्या न्हाणीघरांचा आकार पुडीच ठरवते. अर्धी वापरलेली पुडी उभी राहत नाही आणि आडवी ठेवली की सांडते. तिला कोनाडा नको, चिमटा पाहिजे. तो आईने खिळा ठोकून लावला. खिळा एपॉक्सीच्या जोडात ठोकला. मी काही बोललो नाही.

पश्चिमेच्या भिंतीबद्दल सर्वांनी जे भाकीत केलं होतं ते खरं ठरलं, आणि थोडं उलटंही. मे महिन्यात साबण मऊ पडतो, हे ठरल्याप्रमाणे. पण डिसेंबरात त्याच कोनाड्यात खोबरेल तेलाची बाटली पहाटे गोठून दगड झालेली असते. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली थिजतं, आणि त्या महिन्यात आमची पहाट त्याहून बरीच खाली. मग ती बाटली गरम पाण्याच्या बादलीत बुडवायची आणि ती पातळ होईपर्यंत बादली अडकलेली. दिवाळीत मोती साबणाची गोल, जाडजूड वडी येते. ती ठेवली की बाकी साबणांनी बाहेर व्हायचं. आठवडाभर खालचा कोनाडा एकट्या मोतीचा असतो.

वरच्या कोनाड्यात सध्या गीझरचं वॉरंटी कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, बाबांची जुनी दाढीची वाटी, हॉटेलातून आलेले तीन चिमुकले साबण जे कोणी वापरणार नाही, आणि कुंडीतलं झाड. झाड प्लास्टिकचं आहे. भाचा सुट्टीत आला तेव्हा त्याने या कोनाड्याचा फोटो काढला आणि मित्रांना पाठवला. आंघोळ त्याने खाली बसून केली, कारण शॉवरला पाणी नव्हतं.

तुमच्याकडं टाइल्सचं काम निघणार असेल तर एवढंच सांगतो. छन्नी लावण्याआधी मागच्या खोलीत कोण झोपलंय ते बघा. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला पाटीवर बसवून त्याचा हात कुठं जातो ते भिंतीवर लिहून घ्या. मोतीची वडी खिशात ठेवा आणि तिच्या मापाने तळ मोजा. आणि ढाळ आतून बाहेर, बाहेरून आत नाही, हे मिस्त्रीला दोनदा सांगा. पहिल्यांदा तो नुसता 'हाव' म्हणतो.